दीर्घिकांचें वजन आणि अदृश्य द्रव्य

वाण्याच्या दुकानांत साखर मोजावयाची झाली म्हणजे तराजूच्या एका पारड्यांत माप व दुसऱ्यांत साखर घालतात. दोन्हीं पारडीं समतोल झालीं कीं व्यवहार पुरा होतो. परंतु जी वस्तु हातीं येत नाहीं, जिच्याजवळ जातां येत नाहीं, आणि जिच्यापुढें आपली पृथ्वी धुळीच्या कणाएवढीहि नाहीं, तिचें वजन कसें करावें? हा प्रश्न प्रथमदर्शनीं थट्टेचा वाटेल. तथापि खगोलशास्त्रज्ञांनीं सूर्याचें, ग्रहांचें, इतकेंच काय पण अब्जावधि ताऱ्यांच्या प्रचंड मंडळांचेंहि वजन केलें आहे. ताऱ्यांच्या अशा मंडळांस दीर्घिका म्हणतात, आणि आपली आकाशगंगा ही त्यांपैकींच एक होय. हें वजन करीत असतां शास्त्रज्ञांच्या हातीं एक असें विलक्षण उत्तर आलें कीं, त्याचा पूर्ण उलगडा आजतागायत झालेला नाहीं. त्या उत्तराचा विचार आम्ही ह्या लेखांत योजिला आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. बोलण्याच्या ओघांत आम्ही 'वजन' म्हणत असलों तरी शास्त्रीय भाषेंत 'वस्तुमान' हा शब्द योग्य होय. वस्तुमान म्हणजे वस्तूंत असलेल्या द्रव्याचें परिमाण. दूरच्या ज्योतींचें वस्तुमान त्यांच्या भोंवतीं फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीवरून काढतात. शेतांतील माळ्यावर उभा राहून राखण करणारा गडी गोफण फिरवितो, तेव्हां तींतील धोंडा दूर उडून जाऊं पाहतो व गोफणीचा दोर त्यास आंत ओढून धरतो. धोंडा जितक्या वेगानें फिरेल तितका दोरास ताण अधिक; आणि दोराचें एक टोंक सोडलें कीं धोंडा नीट सरळ रेषेंत निघून जातो. ग्रहांच्या बाबतींत हें दोराचें काम सूर्याचें गुरुत्वाकर्षण करतें. म्हणून ग्रहाचा वेग व त्याचें अंतर हीं दोन ठाऊक असलीं म्हणजे त्यास धरून ठेवणारें आकर्षण किती, आणि तें आकर्षण उत्पन्न करणारें वस्तुमान किती, हें गणितानें सांगतां येतें. नियम सोपा आहे: वेगाचा वर्ग करावा व त्यास अंतरानें गुणावें, जो गुणाकार येईल त्याच्या प्रमाणांत मध्यवर्ती वस्तुमान असतें.

हा नियम आपल्या सूर्यमालेस लावून पाहूं. पृथ्वीचें सूर्यापासूनचें अंतर १ मानलें तर बुधाचें ०.३९, गुरूचें ५.२ व नेपच्यूनचें ३० इतकें येतें. ह्या ग्रहांचे वेग दर सेकंदास अनुक्रमें असे: पृथ्वी ३०, बुध ४७, गुरु १३ व नेपच्यून ५.४ किलोमीटर. आतां वेगाचा वर्ग गुणिलें अंतर असा हिशेब केला असतां पृथ्वीसाठीं ९००, बुधासाठीं सुमारें ८६०, गुरूसाठीं सुमारें ८८० व नेपच्यूनसाठीं सुमारें ८७५ येतात. आंकडे स्थूल घेतल्यामुळें पडलेला किरकोळ फरक सोडला तर हे चारहि गुणाकार एकच आहेत. ह्याचा अर्थ असा कीं, चारहि ग्रहांस एकाच वस्तुमानानें बांधून ठेविलें आहे, आणि तें मध्यभागीं सूर्याच्या ठिकाणीं एकवटलेलें आहे. सूर्यमालेंतील ९९.८ टक्के वस्तुमान एकट्या सूर्याचें असल्यामुळें दुसरें उत्तर येणें शक्यच नव्हतें. जितका ग्रह दूर तितका त्याचा वेग कमी, ही ह्या व्यवस्थेची खूण आहे, व ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

ज्याप्रमाणें पृथ्वी सूर्याभोंवतीं, त्याप्रमाणें सूर्य सर्व ग्रहांसह आकाशगंगेच्या मध्याभोंवतीं फिरतो. मध्यापासून त्याचें अंतर सुमारें २६,००० प्रकाशवर्षें असून त्याचा वेग दर सेकंदास सुमारें २२० किलोमीटर आहे. इतक्या वेगानेंहि एक प्रदक्षिणा पुरी होण्यास सुमारें २२ कोटि वर्षें लागतात. एक प्रकाशवर्ष म्हणजे पृथ्वी व सूर्य यांमधील अंतराच्या सुमारें ६३,००० पट. म्हणून २६,००० प्रकाशवर्षें म्हणजे त्या अंतराच्या सुमारें १६४ कोटि पट. सूर्याचा वेग पृथ्वीच्या वेगाच्या सव्वासात पटींहून थोडा अधिक आहे; त्याचा वर्ग सुमारें ५४. आतां १६४ कोटींस ५४ नीं गुणिलें असतां सुमारें ८,९०० कोटि हें उत्तर येतें. म्हणजे आपल्या कक्षेच्या आंत जें द्रव्य आहे त्याचें वस्तुमान स्थूलमानानें ८,९०० कोटि सूर्यांइतकें आहे! शाळेंतील गुणाकाराच्या बळावर आपण अर्ध्या पानांत आकाशगंगेचा गाभा तोलला. आकाशगंगेचें द्रव्य मध्यबिंदूंत एकवटलेलें नसून चकतीसारखें पसरलेलें असल्यामुळें सूक्ष्म गणित ह्याहून अवघड आहे. परंतु उत्तराचा मासला हाच राहतो.

ही झाली गतीची वही. दीर्घिकेच्या जमाखर्चाची दुसरीहि एक वही आहे व ती प्रकाशाची. कोणत्या प्रकारचा तारा किती प्रकाश देतो व त्याचें वस्तुमान किती असतें, हें ठाऊक असल्यामुळें दीर्घिकेचा एकंदर प्रकाश मोजून तींतील ताऱ्यांचें वस्तुमान अजमावतां येतें. ताऱ्यांमधील वायु व धूळ यांचा हिशेब त्यांत मिळविला कीं दृश्य द्रव्याची बेरीज पुरी होते. प्रामाणिक दुकानदाराच्या दोन वह्यांप्रमाणें ह्या दोन वह्यांचाहि मेळ बसावयास पाहिजे. दीर्घिकेचा प्रकाश मध्यभागीं दाट असून कडेकडे झपाट्यानें विरळ होत जातो. प्रकाश आहे तेथेंच द्रव्य आहे असें धरलें तर कडेच्या ताऱ्यांची स्थिति नेपच्यूनसारखी झाली पाहिजे. जितका तारा दूर, तितका त्याचा वेग मंद.

ताऱ्यांचा वेग मोजावयाचा कसा? आगगाडी शिट्टी वाजवीत स्थानकाकडे येते तेव्हां तिचा सूर चढा लागतो व ती दूर जाऊं लागली म्हणजे तोच सूर उतरतो, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. प्रकाशाचेंहि असेंच आहे. जवळ येणाऱ्या ज्योतीच्या वर्णपटांतील रेषा निळ्या बाजूस व दूर जाणाऱ्या ज्योतीच्या रेषा तांबड्या बाजूस सरकतात. आणि किती सरकल्या हें मोजलें कीं वेग कळतो. फिरणाऱ्या दीर्घिकेची एक कड आपल्याकडे येत असते व दुसरी दूर जात असते. म्हणून दोन्हीं कडांच्या वर्णपटांवरून तिच्या फिरण्याचा वेग ठरवितां येतो.

हें काम अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेंत व्हेरा रुबिन ह्या विदुषीनें केंट फोर्ड ह्यांच्या साहाय्यानें केलें. फोर्ड ह्यांनीं अत्यंत मंद प्रकाशाचाहि वर्णपट घेतां येईल असें यंत्र सिद्ध केलें होतें. रुबिनबाईंच्या उमेदीच्या काळीं कॅलिफोर्नियांतील पालोमार वेधशाळेचीं दारें स्त्रियांस अधिकृतपणें उघडीं नव्हतीं. १९६५ च्या सुमारास तीं त्यांच्यासाठीं उघडलीं. १९७० सालीं ह्या दोघांनीं देवयानी दीर्घिकेंतील ६७ तेजोमेघांच्या गतीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कडेकडील मेघांचा वेग अपेक्षेप्रमाणें उतरलेला दिसेना. एखादीच दीर्घिका अशी असेल ही शंका राहूं नये म्हणून त्यांनीं आणखी दीर्घिका तपासल्या. १९८० सालीं एकवीस दीर्घिकांचें मापन पुढें आलें, व तेथेंहि तोच प्रकार आढळला. वेग कडेपर्यंत जवळजवळ तितकाच राहतो. क्वचित् किंचित् वाढतोहि.

डोळ्यांस दिसणारा प्रकाश संपला तरी दीर्घिकेचा हायड्रोजन वायु त्याच्याहि पलीकडे पसरलेला असतो. तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी बाहेर टाकतो. ह्या लहरींच्या साहाय्यानें आल्बर्ट बोस्मा ह्यांनीं नेदर्लंड्समध्यें १९७८ सालीं अनेक दीर्घिकांच्या बाह्य भागांतील वेग मोजले, आणि तेथेंहि उतार दिसेना. आपल्या महाराष्ट्रांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिनेंहि ह्याच लहरी टिपून लहान व मंद दीर्घिकांतील वायूची गति मोजली आहे. त्या चिमुकल्या दीर्घिकांतहि दृश्य द्रव्य त्या गतीस पुरत नाहीं असेंच दिसून आलें.

आतां वर सांगितलेला नियम येथें लावून पहा. वेग तोच राहिला व अंतर दुप्पट झालें तर गुणाकार दुप्पट होतो. म्हणजे आंतील वस्तुमान दुप्पट झालें. अंतर तिप्पट झालें तर वस्तुमानहि तिप्पट. जेथें तारे जवळजवळ संपले, जेथें काळोखावांचून कांहीं दिसत नाहीं, तेथेंहि गतीच्या वहींत वस्तुमानाची जमा वाढतच आहे! प्रकाशाच्या वहींत मात्र त्या रकमेची नोंदच नाहीं. आपल्या आकाशगंगेंतील तारे व वायु मिळून वस्तुमान सहासात हजार कोटि सूर्यांच्या घरांत भरतें; उलट तिचें एकंदर वस्तुमान अनेक मापनांप्रमाणें एक लक्ष कोटि सूर्यांच्या आसपास येतें. कांहीं अलीकडील मापनांत हा आंकडा बराच कमी येतो. परंतु दृश्य द्रव्य अपुरें पडतें, हें त्यांतूनहि सुटत नाहीं.

ही तफावत रुबिनबाईंच्या पूर्वींहि एकानें पाहिली होती. फ्रिट्झ झ्विकी हे स्विस शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियांत काम करीत असतां त्यांनीं 'कोमा' नांवाच्या दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला व १९३३ सालीं आपला निष्कर्ष जर्मन भाषेंत प्रसिद्ध केला. त्या समूहांत हजाराहून अधिक दीर्घिका परस्परांच्या आकर्षणानें एकत्र राहिल्या आहेत. परंतु त्यांचे वेग इतके प्रचंड कीं, दृश्य द्रव्याच्या आकर्षणानें त्या एकत्र राहणें अशक्य, तो समूह केव्हांच पांगला असता. झ्विकी ह्यांनीं न दिसणाऱ्या द्रव्यास 'काळें द्रव्य' म्हटलें. इंग्रजींत त्यास 'डार्क मॅटर' म्हणतात व मराठींत कृष्णद्रव्य हा शब्द रूढ होत आहे. त्या काळीं दीर्घिकांचीं अंतरें बरोबर ठाऊक नसल्यामुळें झ्विकींची तफावत वाजवीपेक्षां फार मोठी निघाली. शिवाय १९७० नंतर उपग्रहांवरील यंत्रांनीं अशा समूहांत क्ष-किरण फेंकणारा अतितप्त वायु शोधून काढला, व तो ताऱ्यांच्या कित्येक पट भरला. तो जमेस धरूनहि मोठी तूट शिल्लक राहिली, हें विशेष.

येथें कोणी विचारील कीं, न दिसणारें द्रव्य मानण्यापेक्षां गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकला असेल असें कां मानूं नये? शंका रास्त आहे, आणि शास्त्राच्या इतिहासांत तिचे दोन दाखले आहेत. युरेनस ग्रह गणिताप्रमाणें चालत नाहीं असें आढळलें, तेव्हां फ्रान्समधील ल व्हेरिए ह्यांनीं पलीकडे एक अज्ञात ग्रह असला पाहिजे असें गणितानें सांगितलें. आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्रीं बर्लिन वेधशाळेंत गाले ह्यांस सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आंतच नेपच्यून सांपडला. येथें नियम खरा होता व वस्तु लपलेली होती. पुढें बुधाच्या कक्षेंत सूक्ष्म फरक आढळला, तेव्हां त्याच ल व्हेरिए ह्यांनीं १८५९ सालीं सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असें सुचविलें. त्यास 'व्हल्कन' हें नांवहि मिळालें. पण तो ग्रह कधींच सांपडला नाहीं. १९१५ सालीं आइन्स्टाईन ह्यांच्या नव्या सिद्धान्तानें त्या फरकाचा बरोबर उलगडा केला. येथें वस्तु नव्हतीच. नियमासच दुरुस्ती हवी होती. मग आपली दीर्घिका नेपच्यूनची वाट दाखविते कीं व्हल्कनची, हाच खरा प्रश्न आहे.

१९८३ सालीं इस्रायलमधील मोर्देहाय मिल्ग्रॉम ह्यांनीं दुसरी वाट धरली. आकर्षण अतिशय क्षीण झालें म्हणजे गतीचा नियम बदलतो असें त्यांनीं मांडलें, व त्यायोगें पुष्कळ दीर्घिकांचे वेग कृष्णद्रव्याशिवाय जुळले. ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे. परंतु दीर्घिकासमूहांत ह्या दुरुस्तीनें तूट भरून निघत नाहीं. शिवाय २००६ सालीं एक बोलका पुरावा पुढें आला. आकर्षणानें प्रकाशाची वाट वांकते. म्हणून पाठीमागच्या दीर्घिकांचीं चित्रें किती विकृत दिसतात ह्यावरून पुढील वस्तुमान कोठें आहे हें ताडतां येतें. 'बुलेट' नांवाच्या ठिकाणीं दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेले आहेत. त्यांचा तप्त वायु परस्परांवर आदळून मागें रेंगाळला, व दृश्य द्रव्याचा मोठा वांटा त्या वायूंतच होता. आकर्षण मात्र वायूपाशीं न राहतां दीर्घिकांबरोबर पुढें निघून गेलेलें आढळलें. वस्तुमान एकीकडे व दृश्य द्रव्य बहुतांशीं दुसरीकडे, ही स्थिति केवळ नियम बदलून समजावणें फार कठीण आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेंतून आलेल्या मंद किरणांचा प्लांक उपग्रहानें जो नकाशा काढला, त्यावरूनहि विश्वांतील एकंदर द्रव्याच्या दर सहा भागांपैकीं सुमारें पांच भाग कृष्णद्रव्य असल्याचें निष्पन्न होतें. ह्या कारणांनीं बहुसंख्य शास्त्रज्ञ नेपच्यूनच्या वाटेचे प्रवासी आहेत.

मग हें द्रव्य आहे तरी काय? विझलेले तारे, ग्रह किंवा कृष्णविवरें असावींत असा प्रथम तर्क होता. असा पिंड दूरच्या ताऱ्यासमोरून गेला तर आकर्षणामुळें ताऱ्याचा प्रकाश कांहीं काळ वाढतो. १९९० नंतरच्या दशकांत मॅगेलन मेघांतील लक्षावधि ताऱ्यांवर ह्यासाठीं वर्षानुवर्षें पहारा ठेविला; पण अशा घटना इतक्या थोड्या आढळल्या कीं, तूट भरून काढण्यास ते पिंड पुरे पडत नाहींत असें ठरलें. म्हणून आजचा प्रबळ तर्क असा कीं, हे अद्याप अज्ञात असे सूक्ष्म कण असावेत. त्यांस वस्तुमान आहे, पण ते प्रकाश देत नाहींत, शोषीत नाहींत व अडवीतहि नाहींत. अमेरिकेंतील साउथ डाकोटा प्रांतांत सोन्याच्या जुन्या खाणींत, दीड किलोमीटर खोल, कित्येक टन द्रवरूप झेनॉन भरून त्या कणांचा एखादा धक्का बसतो काय ह्याची वाट पाहत शास्त्रज्ञ बसले आहेत. इटलींत ग्रान सासो पर्वताखालींहि असाच शोध चालू आहे, आणि भारतांत झारखंडांतील जादुगोडा येथील खाणींत अर्ध्या किलोमीटरहून अधिक खोलीवर त्यासाठीं प्रयोगशाळा उभारिली आहे. आजवर खात्रीचा एकहि धक्का कोठें बसलेला नाहीं.

इतकें द्रव्य असेल तर तें आपणांस जाणवत कसें नाहीं, असा प्रश्न साहजिकच येतो. उत्तर असें कीं, तें अतिशय विरळ आहे. आपल्या परिसरांत पृथ्वीएवढ्या आकारमानांत तें अवघें अर्धा ते पाऊण किलो भरेल, असा अंदाज आहे. म्हणूनच ग्रहांच्या गतींत त्याचा मागमूस लागत नाहीं. परंतु तें ताऱ्यांच्या चकतीभोंवतीं विशाल गोलाकार कोशासारखें लक्षावधि प्रकाशवर्षें पसरलेलें असल्यामुळें थेंबें थेंबें तळें सांचावें तशी त्याची बेरीज सर्व ताऱ्यांवर मात करते. जेरेमाया ओस्ट्रायकर व जेम्स पीबल्स ह्यांनीं १९७३ सालीं गणितानें दाखविलें कीं, असा कोश नसेल तर ताऱ्यांची पातळ चकती स्थिर राहत नाहीं. इतकेंच नव्हे तर दीर्घिकांच्या जन्मासहि तेंच कारण झालें असें मानतात. विश्वाच्या आरंभीं साधें द्रव्य प्रखर प्रकाशाच्या दाबामुळें एकत्र येऊं शकत नव्हतें. कृष्णद्रव्यास तो अडथळा नसल्यामुळें तें आधीं गोळा झालें, आणि पावसाचें पाणी आधींच असलेल्या खळग्यांत सांचावें तसें साधें द्रव्य मागाहून त्याच्या आकर्षणांत सांचून त्याचे तारे झाले. तात्पर्य, जें आपण दीर्घिका म्हणून पाहतों तो त्या अदृश्य राशींत तरंगणारा प्रकाशमान अल्प अंश होय. आणि ज्या मातीच्या गोळ्यावर आपण उभे आहों तो त्या अल्प अंशाचाहि अंश.

असो. हा विषय विद्यार्थ्यांपुढें ठेवण्यांत आमचा हेतु केवळ आश्चर्य उत्पन्न करण्याचा नाहीं. हिशेबाच्या दोन वह्या जुळल्या नाहींत म्हणजे एखादी रक्कम खोडून मेळ बसविण्याचा मोह मोठमोठ्यांस होतो. येथें तसें झालें नाहीं. रुबिनबाईंनीं आपलें मापन पुन्हां पुन्हां केलें, इतरांनीं तें निराळ्या साधनांनीं पडताळलें, आणि तूट आहे ती आहे असें उघडपणें लिहून ठेविलें. सृष्टिकर्त्याच्या ह्या अफाट रचनेपुढें माणसाच्या बुद्धीस खालीं पाहावयास लावणारी ही गोष्ट असली, तरी आपल्याला काय माहीत नाहीं हें त्याच बुद्धीनें आंकड्यांत मोजून ठेविलें, हें तिला भूषणावह आहे. चिलींतील डोंगरावर रुबिनबाईंच्या नांवाची एक नवी वेधशाळा उभी राहिली असून २०२५ सालीं तिचीं पहिलीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. त्या न जुळलेल्या रकमेचा शोध आतां तेथून पुढें चालू राहील. आणि आज शाळेच्या बांकावर बसून वेगाचा वर्ग काढणाऱ्या मुलामुलींपैकीं कोणाच्या हातून ती जुळणार नाहीं, असें कोणीं म्हणावें?